घरच्या अंगणात गाडी खोलताना: पाना घसरतो, जॅक खचतो, मग काय करायचं?

विदर्भातल्या खेड्यात गॅरेज म्हणजे तालुक्याचं गाव, नाहीतर फाट्यावरचं पंक्चरचं टपरं. त्यामुळे स्टेपनी बदलणं, बॅटरी काढून चार्जिंगला नेणं, ऑइल बदलणं, प्लग काढून साफ करणं ही कामं लोक अंगणातच उरकतात. उरकायलाही हवीत, त्यात अवघड काही नाही. कामं कशी करायची ते दाखवणारे व्हिडिओ ढिगानं सापडतात. पाना हातातून सुटतो तेव्हा काय होतं, ते त्यात सहसा नसतं. हा लेख तेवढ्यासाठी, पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यांसाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जाम झालेला नट हळूहळू सुटत नाही, एका झटक्यात सुटतो, आणि तुम्ही लावलेला सगळा जोर त्या क्षणी मोकळा होऊन समोर जे असेल त्यावर जाऊन आदळतो. समोर रेडिएटरची पाती असतील, डिस्कची धार असेल, नाहीतर तुमचेच दात. म्हणून जोर लावण्याआधी दर वेळी बघायचं: हे आत्ता सुटलं तर माझी मूठ कुठे जाईल? गाडी कुठे जाईल? खालची प्रत्येक पायरी याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

पहिली पायरी: जागा

आपली काळी माती कापसाला चांगली, जॅकला वाईट. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पावसाळ्यात वरून सुकलेली दिसली तरी आतून लोण्यासारखी असते. गाडीचं वजन जॅकच्या तळहाताएवढ्या बुडावर आलं की जॅक एका अंगानं खचायला लागतो. उन्हाळ्यात उलट. वरचा थर दगडासारखा वाटतो, पण भेगेच्या काठावर बूड टेकलं तर काठ फुटून जॅक तिरपा होतो. शेणानं सारवलेल्या अंगणालाही हेच लागू, सारवण म्हणजे काही पाया नव्हे. शहाबादी फरशी खालून पोकळ असेल तर मधोमध तडकते.

म्हणून मुरूम टाकून दाबलेली जागा किंवा सिमेंटचा कोबा निवडा, आणि कुठेही काम करा, जॅकखाली दोन इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद लाकडी फळी घाला. जुन्या दाराचा किंवा बैलगाडीचा सागवानी तुकडा असेल तर उत्तमच. जागा सपाट हवी. थोडासाही उतार असेल तर गाडी तिथे उचलू नका, ढकलून दुसरीकडे न्या.

आजूबाजूलाही एकदा नजर फिरवा. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग, कुटाराची खोली, दिवाळीनंतर ओसरीवर साठवलेला कापूस, यांच्याजवळ ग्राइंडर चालवायचा नाही आणि पेट्रोलनं पार्ट धुवायचे नाहीत. ग्राइंडरची ठिणगी वाटते त्यापेक्षा लांब जाते, आणि कापसात पडलेली ठिणगी लगेच दिसत नाही. आत धुमसत राहते आणि माणसं जेवायला बसल्यावर पेटते.

गाडी शेडमध्ये असेल तर इंजिन चालू ठेवून दार लावून घेऊ नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुसरी पायरी: हत्यारांची निवड

इथे जरा थांबतो, कारण निम्मे अपघात इथेच ठरतात.

आपल्याकडे घरोघरी हत्यारांची पेटी असते ती ट्रॅक्टरची. जुन्या ट्रॅक्टरचे बरेचसे पाने इंचातले असतात, गाडीचे नट मिलिमीटरमधले. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे 12.7 मिलिमीटर. तो 12 च्या नटावर आरामात बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की नटाचे सहाही कोपरे घासून टाकतो. नट गोल झाला की पाना गर्रकन फिरतो आणि बोटांची कातडी निघते. उलट पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, त्यामुळे 19 च्या चाकाच्या नटावर तो चालून जातो. म्हणजे इंचातला पाना दर वेळी चुकीचाच असं नाही, पण आकडा वाचल्याशिवाय लावायचा नाही.

दुसरा घोळ 12 आणि 13 चा. एकाच जाडीच्या, म्हणजे 8 मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं जपानी पद्धतीच्या गाड्यांत बहुतेकदा 12 चं असतं, युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत 13 चं. मारुतीवर हात बसलेला माणूस टाटा किंवा महिंद्रा खोलायला बसला की पाना का बसत नाही ते त्याला पटकन कळत नाही. उलट वेळ आली की 13 चा पाना 12 वर घालून तो नट गोल करून ठेवतो. ओळखायची रीत सोपी: पाना नटावर घालून नुसता डावीकडे-उजवीकडे हलवा. खुळखुळला तर तो पाना परत पेटीत.

कोणता पाना कधी? नट सैल करताना आणि शेवटचा आवळा देताना रिंग पाना किंवा गोटी (नटावर टोपीसारखं बसणारं सॉकेट), कारण ती नटाला चहूबाजूंनी धरते. गोटीतही सहा कोपऱ्यांची बारा कोपऱ्यांच्या गोटीपेक्षा गंजलेल्या नटावर जास्त भरवशाची. उघड्या तोंडाचा फिक्स पाना फक्त सैल झालेला नट भराभर फिरवायला. स्क्रू पाना अगदी नाइलाजानं, आणि तोही असा लावायचा की जोर त्याच्या हलणाऱ्या जबड्यावर न येता स्थिर जबड्यावर येईल. पक्कडीनं नट खोलणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेले चकचकीत गोटी-सेट स्वस्त मिळतात. त्यांची गोटी जोरात चिरते, आणि चिरताना हात सोबत नेते. सगळा सेट घेण्यापेक्षा 10, 12, 13, 14, 17 आणि 19 एवढे सहाच रिंग पाने चांगल्या कंपनीचे घ्या. टपारिया आपल्या नाशिकचीच, तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळते. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं कोरलेलं आहे का ते बघा.

आता हातोडी. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा लाकडी दांडा आक्रसतो आणि डोकं ढिलं होतं. गावात उपाय ठरलेला: हातोडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची. सकाळी घट्ट होते खरी, पण दुपारच्या उन्हात दांडा पुन्हा सुकतो आणि आधीपेक्षा ढिला होतो. असं डोकं निसटून समोरच्याच्या कपाळात बसू शकतं. त्यापेक्षा दांड्याच्या टोकात लोखंडी पाचर ठोका, नाहीतर दांडाच बदला. छन्नीच्या डोक्यावर ठोकून ठोकून छत्रीसारखी कड आली असेल तर ती घासून काढा. त्या कडेचा तुकडा उडाला की थेट डोळ्यात जातो. याच कारणानं हातोडीवर हातोडी मारायची नाही, बेअरिंगवरही नाही. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपचा उडतो. मध्ये पितळेचा किंवा लाकडाचा तुकडा धरा. आणि हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक चष्मा अगदी स्वस्तात मिळतो, तो विकत घ्या. उन्हाचा गॉगल त्याच्या जागी चालत नाही.

तिसरी पायरी: अंगावरचं उतरवा

उन्हात डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, गळ्यातला गोफ, हातातलं कडं, बोटातली अंगठी, सगळं घरात ठेवून या. चालू इंजिनच्या बेल्टनं दुपट्ट्याचं टोक धरलं की मान सोडवायला वेळ मिळत नाही. रेडिएटरचा पंखा विजेवरचा असेल तर इंजिन बंद केल्यावरही तो गरम पाण्यामुळे आपोआप फिरू शकतो. ‘बंदच आहे’ म्हणून हात घालणाऱ्यांची बोटं तिथे सापडतात.

चप्पल नको, बूट घाला. हातमोजे गंजलेले नट खोलताना चांगले, पण ड्रिल मशीन चालवताना काढून ठेवा. फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला की पूर्ण हात ओढला जातो.

चौथी पायरी: गाडी उचलणं

सगळ्यात मोठा अपघात इथलाच.

हँडब्रेक ओढा, गाडी गियरमध्ये टाका. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. मागचं चाक उचललं की त्याचा अर्धा आधार हवेत गेला. म्हणून जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. गोटे नकोत, ते घरंगळतात. चपटे, कोपरेदार दगड हवेत.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा सैल करून घ्या. हवेतल्या चाकाचा नट सोडवायला जोर लावाल तर चाकही फिरतं आणि जॅकही हलतो. कोणत्या दिशेला फिरवायचं? जवळपास सगळ्या गाड्यांना डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट. जुन्या विलीज जीपला मात्र डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तशी जीप अजून शेतावर पळत असेल तर आधी तपासा, नाहीतर सोडवतोय समजून आवळत बसाल.

नट हलत नसेल तर पान्यावर चढून उड्या मारायची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याचा हिशेब बघा. लहान गाडीच्या चाकाचा नट साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरनं (हे पिळाच्या जोराचं माप) आवळलेला असतो. 70 किलोचा माणूस फूटभर दांड्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी 200 च्या वर जोर पडतो. उडी मारली तर कितीतरी जास्त. पाना निसटला तर घोटा मोडतो, आणि दिशा चुकली असेल तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटतो. त्याऐवजी गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळून नटाच्या मुळाशी सोडा आणि खुशाल रात्रभर विसरा. सकाळी पान्याच्या दांड्यावर दोन फुटी पाइप चढवा, गुडघे वाकवून पाय रोवा, आणि तळहातांनी सावकाश खाली दाबा. धक्का द्यायचा नाही.

नट सैल झाले की जॅक लावा. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा, बहुतेक लहान गाड्यांत दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचांच्या मध्ये. दुसरीकडे लावला तर पत्रा चेपून जॅक निसटतो.

आणि आता हे ध्यानात ठेवा: जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. हायड्रॉलिक जॅकचं सील झिजलेलं असेल तर गाडी आवाज न करता इंच-इंच खाली येते. चाक बदलण्यापलीकडचं काही करायचं असेल, गाडीखाली नुसता हात जरी घालायचा असेल, तरी खाली घोडी लावा. जॅक स्टँडला गॅरेजवाले घोडीच म्हणतात. घोडी नसेल तर जाड लाकडी ओंडके आडवे-उभे रचून थर करा. विटा नकोत, सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर मुळीच नको. तो वजन धरतो धरतो आणि काहीही इशारा न देता भुगा होतो. काढलेलं चाकही रिकामं पडू देऊ नका, आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवा. जॅक गेलाच तर गाडी तुमच्याऐवजी चाकावर बसेल.

घोडीवर गाडी टेकली की तिला हातानं थोडं ढकलून बघा. हलायचं असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू द्या. आणि पोरं, कोंबड्या, वासरं यांना आधी अंगणाबाहेर काढा.

पाचवी पायरी: जोर कसा लावायचा

आमच्याकडचे एक जुने मिस्त्री शिकाऊ पोराला दिवसभर एकच वाक्य ऐकवतात, “पोट्ट्या, पाना ढकलू नोको, वढ आपल्याकडं.” पाना आपल्याकडे ओढला आणि घसरला तर हात मोकळ्या हवेत येतो. ढकलला आणि घसरला तर मूठ लोखंडावर. जागेअभावी ढकलावाच लागला तर मूठ वळू नका, उघड्या तळव्यानं ढकला. बोटं वाचतात.

बसताना तोंड पान्याच्या रेषेत ठेवू नका. स्क्रू ड्रायव्हर वापरताना वस्तू दुसऱ्या हातात धरू नका, फळीवर किंवा शिकंजात ठेवा. निसटलेला स्क्रू ड्रायव्हर थेट तळहातात घुसतो. त्याची छन्नी किंवा सब्बल करू नका.

परत बसवताना प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन वेढे फिरवा, मगच पाना. स्पार्क प्लगच्या बाबतीत तर हट्टानं. इंजिनचं डोकं बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. प्लग तिरपा बसला आणि पान्यानं रेटला की आटे मेले, आणि मग घरचं काम हजारोंवर जातं. ऑइल काढायच्या बोल्टचंही तसंच. त्याला पाइप लावून आवळायची गरज नसते.

सहावी पायरी: बॅटरी

इथे जरा बारकाईनं वाचा. गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. तुम्ही आधी पॉझिटिव्हचा 10 चा नट सोडवायला घेतला आणि पान्याचं दुसरं टोक बॉनेटच्या पत्र्याला टेकलं, तर बॅटरीचा शेकडो अँपिअर करंट त्या पान्यातून धावतो. फटकन ठिणगी उडते, पाना पत्र्याला चिकटतो आणि क्षणात भाजेल इतका तापतो. बोटात अंगठी असेल आणि तीच मध्ये आली, तर बोटाभोवती भाजल्याचं गोल कडं उठतं.

म्हणून काढताना निगेटिव्ह आधी. तो निघाला की वाटच तुटते, मग पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. बसवताना उलट, निगेटिव्ह शेवटी.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो अवघा 4 टक्के झाला तरी पेटू शकतो. पाणी किती आहे बघायला काडी पेटवू नका, मोकळ्या जागेत ठेवा, बिडी लांब. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची तर शेवटचा निगेटिव्ह चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला लावू नका, तिच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. ट्रकच्या 24 व्होल्टवरून तर प्रयत्नच नको.

सातवी पायरी: गरम, दाबाखालचं आणि पेट्रोलचं

तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबामुळे 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नसतं, झाकण उघडलं की एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. आपल्या उन्हाळ्यात थंड व्हायला तासभर सहज लागतो. वरून पाणी ओतून घाई करू नका.

पेट्रोल नळीनं तोंडानं ओढू नका. पोटात जाण्यापेक्षा ते फुप्फुसात जाणं जास्त घातक. गेलंच तर उलटी करवू नका, दवाखाना गाठा.

वीज गेली म्हणून चिमणी किंवा मेणबत्ती घेऊन बॉनेटमध्ये वाकू नका. रात्रीच्या ओलितासाठी डोक्याला बांधायची बॅटरी घरात असतेच, तीच वापरा. दोन्ही हात मोकळे राहतात.

शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग आणि एअरबॅग या दोन गोष्टी घरी खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर तिला अडवणारं तुमच्या अंगणात काही नाही.

लागलंच तर

जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. हळद, चहापत्ती, ग्रीस असलं काही भरू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणजे आपल्या अंगणात भरपूर. जखम मळकी किंवा खोल असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं उलटली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवतच नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. भाजलं तर साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा, टूथपेस्ट लावू नका. बॅटरीचं ॲसिड किंवा पेट्रोल डोळ्यात गेलं तर लगेच पाण्यानं 15 ते 20 मिनिटं धुवत राहा, आणि मग दवाखाना. अंगावर गाडी आली असेल तर 108 ला फोन लावा. कोणाला ओढून काढण्याआधी गाडी दुसऱ्या जॅकवर घ्या.

एक फसवी जखम वेगळी सांगायला हवी. ग्रीस गनचं टोक बोटाला लागून ग्रीस कातडीखाली घुसलं, तर वरून नुसतं टाचणीएवढं भोक दिसतं आणि दुखतही नाही. ती ऑपरेशनची केस आहे. उद्यावर ढकलली तर बोट जाऊ शकतं. डॉक्टरला ‘दाबानं ग्रीस आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

शेवटची पायरी: गाडी बाहेर काढण्याआधी

काम सुरू करताना एक बारदाना अंथरून त्यावर हत्यारं ओळीनं मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. संपल्यावर फोटोशी ताडून बघा. एखादी 10 ची गोटी कमी असेल तर ती इंजिनावरच कुठेतरी पडलेली असते, आणि बेल्टपर्यंत पोचली तर महागात पडते. जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून आत सोडलं की ती सहसा सापडते.

चाकाचे नट आवळताना शेजारी-शेजारी जाऊ नका, समोरासमोर जा. पाच असतील तर एक सोडून एक. पूर्ण आवळा गाडी जमिनीवर टेकल्यावरच. ब्रेकचं काम केलं असेल तर गाडी हलवण्याआधी पॅडल दाबत राहा. पहिल्या दोन-तीन वेळा ते तळापर्यंत जाईल, मग कडक होईल. कडक झालं नाही तर गाडी अंगणाबाहेर काढू नका. आधी आवारातच हळू पुढे-मागे घेऊन ब्रेक बघा. मग तालुक्याला एक चक्कर मारून या, आणि 50 ते 100 किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा पान्यानं तपासा. एखादा थोडा सैल झालेला असू शकतो.